आर्नल्डची खुडबुड

"काही नाही, उगाच आपली खुडबुड."

आर्नल्ड ओल्डरॉयड रोज चारच्या ठोक्याला मागच्या दाराने घरात शिरायचा, टोपी खुंटीला अडकवायचा आणि बेरिलने "काय केलंस आज?" असं विचारलं की एवढंच बोलायचा. यॉर्कशरच्या त्या गिरणगावात निवृत्त पुरुषांचं हे ठरलेलं उत्तर होतं. माणूस दिवसभर तण उपटत असो, खोपटात पाइप ओढत बसलेला असो, नाहीतर एकच खिळा ठोकून, उपटून, पुन्हा ठोकत असो, संध्याकाळी सगळं खुडबुडीत जमा. आणि एकदा खुडबुड म्हटलं की पुढे विचारायचं नाही. पगाराबद्दल विचारलेलं एक वेळ चाललं असतं, पण खुडबुडीबद्दल खोदून विचारणारी बाई म्हणजे अगदीच भोचक.

बेरिलला ही पद्धत पसंत होती. तिला घर मोकळं लागायचं. गिरणी बंद पडून आर्नल्ड घरी बसला त्या पहिल्याच आठवड्यात तिचा जीव मेटाकुटीला आला होता. ती ओटा पुसायला गेली की हा ओट्याला टेकून उभा. ती जिना झाडायला गेली की हा मधल्या पायरीवर बसून वर्तमानपत्र वाचतोय. एक दिवस तर तिच्या कपाटातले मसाल्याचे डबे त्याने उंचीप्रमाणे लावून ठेवले. तेव्हा बेरिलने हातातलं फडकं आपटलं होतं.

"हे बघ आर्नल्ड, तीस वर्षं तू गिरणीत होतास आणि मी इथे. ही माझी जागा आहे. दिवसा पायात पायात येऊ नकोस. चारनंतर ये, तेव्हा तुझंच घर आहे."

 आर्नल्डने टोपी घेतली आणि निघाला. पालिकेने भाजी लावायला भाड्याने दिलेला जमिनीचा तुकडा त्याच्याकडे पहिल्यापासून होताच, कालव्यापलीकडे. तेव्हापासून तो रोज सकाळी डबा आणि थर्मास घेऊन तिकडे जायचा आणि चारला भाजी घेऊन परतायचा. गाजरं, बटाटे, चिमुकले कोबी, आणि हिवाळ्यात लीक, म्हणजे आपल्या कांद्याच्या पातीची थोराड बहीण. शेजारच्या एनिडला बेरिल हसत सांगायची, "नवरा कसा हवा? संध्याकाळी भाजी घेऊन येणारा."

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी तीच भाजी धुताना बेरिलच्या मनात पाल चुकचुकली.

आर्नल्डच्या तुकड्यातली माती तिच्या चांगल्या ओळखीची होती. चिकट, काळी, गिरण्यांची काजळी पिऊन पिऊन तेलकट झालेली. लीकच्या पानांच्या बेचक्यांत ती असली घट्ट बसायची की गार पाण्याखाली अंगठ्याच्या नखाने खरवडून काढावी लागे, आणि बोटं बधिर झाली की बेरिलच्या तोंडून दोन शिव्या जात. आज मात्र नळ सोडला आणि माती आपसूक वाहून गेली. बेचक्या आतून स्वच्छ. माती फक्त वरवर, पावडर लावल्यासारखी. आणि तिन्ही लीकच्या पोटावर एक बारीक दबलेली रेघ होती. रबरबँडची. बाजारात जुडी बांधतात तशी.

बेरिलने नळ बंद केला. बाहेरच्या खोलीत आर्नल्ड शेकोटीपुढे बसला होता. तिने दाराच्या फटीतून त्याच्याकडे नीट पाहिलं. खरं तर बऱ्याच दिवसांनी पाहिलं. बूट कोरडे. पँटीच्या गुडघ्यांवर डाग नाही. आणि नखं? नखं एखाद्या बँकेतल्या कारकुनासारखी स्वच्छ.

जेवताना तो म्हणाला, "दुपारच्या त्या प्रश्नांच्या कार्यक्रमात आज लीड्सचा सुतार हरला. किती सोपा प्रश्न होता!"

बेरिलचा काटा बटाट्यात रुतून राहिला. "तुला कसं कळलं?"

"पर्सी सांगत होता."

पर्सी म्हणजे शेजारच्या तुकड्याचा मालक. त्याच्या खोपटात वीज नव्हती, टीव्ही कुठला?  आर्नल्डने ताटातला कोबी काट्याने उचलून बघितला आणि म्हणाला, "हे फार वेळ उकळू नयेत म्हणे. चव मरते."

"कोण म्हणे?"

"असंच. कुठेतरी वाचलं."

हा माणूस वर्तमानपत्रात क्रिकेट आणि कोण मेलं एवढं दोनच वाचायचा. कोबी कसे शिजवावेत हे बायकांच्या मासिकात येतं, आणि अशी मासिकं पडलेली असतात ती बायकांच्या बैठकीत. तो उठून गेला तेव्हा त्याच्या अंगाला एक वास आला. साबणाचा. घरातला नव्हे. जरा उग्र, औषधी. बेरिलने खुंटीवरचा त्याचा कोट नाकाशी धरला. कोटालाही तोच. कोणाच्या तरी न्हाणीघरातला साबण तिच्या नवऱ्याच्या अंगाला येत होता.

दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना तिने मधल्या भिंतीवरून एनिडला सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण पोटात ठेववेना. एनिड चिमटे तोंडात धरून ऐकत होती. तिने ते एकेक करून काढले.

"स्वच्छ नखं? मळ्यातून?"

"हो."

"म्हणजे एक तर तो मळ्यात नव्हता, नाहीतर कोणीतरी त्याचे हात धुऊन देतंय."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"बोलत नाही गं, विचार करतेय. थेल्मा पिकरिंगने नवा सोफा घेतला, ठाऊक आहे? तीन माणसांचा. नवरा जाऊन वर्ष नाही झालं. एकट्या बाईला तीन माणसांचा सोफा कशाला लागतो मला सांग."

"तिचं घर कालव्याच्या वाटेवर आहे," बेरिल हळूच म्हणाली.

"मी कुठे काय म्हटलं? तूच म्हणतेस." एनिडने उशीचा अभ्रा झटकला. "सरळ विचार ना त्याला."

"काय विचारू? तो खुडबुड करत होतो म्हणाला. त्याच्यावर काय विचारायचं?"

एनिडने अभ्रा दोरीवर टाकला. गावातल्या कोणालाही काहीही विचारायला न कचरणारी ती बाई, पण इथे तिलाही रस्ता दिसेना. "हां," ती म्हणाली, "तेही खरंच."

मग बेरिलने ठरवलं, विचारायचं नाही, बघायचं. जायला निमित्त हवं म्हणून तिने आर्नल्डचे लोकरी हातमोजे पिशवीत टाकले. विसरून गेला, थंडी पडलीय, म्हणून आणून दिले. बायको एवढं करू शकते.

कालव्यापलीकडे ती बऱ्याच वर्षांत गेली नव्हती. फाटक ढकलून आत आली आणि आर्नल्डचा तुकडा ओळखायला तिला वेळ लागला. त्याचं हिरवं खोपटं तिथे नव्हतं. त्या जागी रोपं वाढवायचं काचेचं एक नवं कोरं घर होतं आणि दाराशी लहान पोराचे पिवळे रबरी बूट ठेवलेले. आर्नल्डच्या घरात लहान पोर नव्हतं, कधी झालंच नाही. क्षणभर बेरिलच्या डोक्यात नको नको ते येऊन गेलं.

"बेरिल? तू इकडे कुठे?" पलीकडच्या वाफ्यातून पर्सी उठला. पाठीला हात लावत, टप्प्याटप्प्याने.

"आर्नल्डचे हातमोजे आणलेत. कुठे गेला तो?"

पर्सीने टोपी मागे सारली. मग पुढे ओढली. "आर्नल्ड?"

"हो, आर्नल्ड. माझा नवरा. उंच, टोपी घालतो."

"अगं पण... त्याने तुकडा सोडला ना. वसंतातच. म्हणजे सोडला नाही, सोडायला लागला. गुडघे गेले त्याचे. खाली बसला की उठता येईना, मग बसणंच सोडलं. तण कमरेपर्यंत आलं. बी उडायचं सगळ्यांच्या वाफ्यांत. मळ्यांच्या समितीने एकदा बजावलं, दोनदा बजावलं. नियम तो नियम. आता एका मास्तरणीला दिलाय." पर्सीने काचेच्या घराकडे पाहिलं. "ती त्यात मिरच्या लावते. यॉर्कशरात! असो. आम्हांला वाटलं तुला ठाऊक असेल."

"मला ठाऊक आहेच," बेरिल म्हणाली. "मी विसरले."

ही असली थाप तिने जन्मात मारली नव्हती. पर्सीच्या चेहऱ्यावर दिसत होतं की त्याला ती पटलेली नाही, आणि तो त्याबद्दल एक अक्षर काढणार नाही हेही दिसत होतं. "नंतर भेटला होता का तुला?" तिने विचारलं.

"एकदा भेटला. म्हटलं, काय करतोस हल्ली? म्हणाला, खुडबुड." पर्सीने खांदे उडवले. "मग मी काय विचारणार?"

परत येताना बेरिलचे पाय तिला थेल्मा पिकरिंगच्या घरावरून घेऊन आले. खिडकीचा पडदा अर्धा उघडा होता. आत थेल्मा एकटीच होती, सोफ्याच्या एका टोकाला बसून विणकाम करत. सोफ्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. दुसरा कप नाही, टोपी नाही, आर्नल्ड नाही. बेरिलला हायसं वाटायला हवं होतं. उलट तिला अधिकच धास्ती वाटली. थेल्मा होती तोवर निदान संशयाला तोंड होतं. आता त्या बाईला नाव नव्हतं, घर नव्हतं, फक्त एक उग्र साबण, एक टीव्ही आणि कोबी शिजवायची पद्धत होती.

वसंतापासून! म्हणजे उन्हाळाभर आणलेल्या शेंगा, बीट, सगळं खोटं. तिने कौतुकाने एनिडला दिलेली गाजरंसुद्धा. रोज सकाळी डबा भरून ती नवऱ्याला कोणाकडे पाठवत होती? आणि तिथे तो दिवसभर काय करतो, हसतो का? घरी तर तो कित्येक दिवसांत हसलेला तिला आठवेना. या विचाराने तिला रागापेक्षा रडू जास्त आलं. नवरा कधी सोडून जाईल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. म्हातारपणी असं होत नसतं, अशी तिची पक्की समजूत होती.

चारला मागचं दार उघडलं. टोपी खुंटीला लागली.

"काय केलंस आज?"

"काही नाही, उगाच आपली खुडबुड." त्याने टेबलावर पिशवी ठेवली. "गाजरं काढली थोडी. पर्सी म्हणत होता, यंदा चांगली धरलीत."

खोटं बोलताना आर्नल्डचे कान लाल व्हायचे. लग्नाआधी तिच्या बापाशी बोलताना झाले होते, डबे उंचीप्रमाणे लावले तेव्हाही झाले होते. आज तिने मुद्दाम पाहिलं. कान जसेच्या तसे. सवय झाली होती त्याला. बेरिलने गाजरं उचलली, नळाखाली धरली आणि धूत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारखा डबा दिला. तो वळणापलीकडे गेल्यावर डोक्याला रुमाल बांधला आणि त्याच्यामागून निघाली.

मागून चालताना पहिली गोष्ट तिच्या लक्षात आली ती ही की आर्नल्ड म्हातारा झाला होता. उतारावर तो एकेक पाय तिरका टाकत होता आणि दर थोड्या वेळाने कोणाच्या तरी कुंपणाला हात लावून, जणू त्यांची फुलंच बघतोय अशा थाटात उभा राहत होता. घरात हे कधी दिसलं नव्हतं. घरात तो बसलेलाच असायचा.

तो कालव्याकडे वळलाच नाही. बाजारात गेला. भाजीवाल्याने त्याला पाहताच न विचारता लीकची जुडी पिशवीत टाकली आणि काहीतरी थट्टा केली. आर्नल्ड ओशाळं हसला. मग तो चर्चच्या बाजूच्या बागेत शिरला. बेरिल झाडाआड थांबली. इथेच येणार असणार ती. बाकं होती, झाडं होती, दोघांना बसायला झकास जागा.

कोणी आलं नाही. आर्नल्डने इकडेतिकडे पाहिलं, जुडीचं रबर काढून खिशात टाकलं आणि फुलझाडांच्या ताटव्यापाशी गेला. एका हाताने कठडा घट्ट धरून, दुसरा हात खाली, आणखी खाली, असा तो वाकू लागला. तोंड वेडंवाकडं झालं. बोटं मातीला लागली तेव्हा त्याने मूठभर माती उचलली आणि तसाच कठड्याच्या आधाराने वर आला. मग बाकावर बसून एकेका लीकला ती माती चोळली, मुळांना, पानांना, अगदी मन लावून. चोळून झाल्यावर रुमाल थर्मासातल्या चहात भिजवला आणि नखं एकेक करून पुसली.

एवढी मेहनत! बेरिलला संताप आला. बायकोला फसवायला हा माणूस एवढे हाल सोसतो, तर जिच्यासाठी सोसतो ती केवढी असेल?

बागेपुढच्या थांब्यावरून त्याने दुमजली बस पकडली. तो खालीच बसला. बेरिल शेवटच्या क्षणी चढली, मान वळवून तरातरा जिना चढून वर गेली आणि खिडकीपाशी बसून प्रत्येक थांब्यावर उतरणाऱ्या टोप्या बघत राहिली. वस्ती मागे पडली. बस टेकडी चढून गावाबाहेरच्या मोठ्या हॉस्पिटलपाशी थांबली आणि आर्नल्ड उतरला.

 आजारी आहे? काहीतरी भयंकर झालंय आणि सांगत नाहीये? ती मागोमाग उतरली. पण आर्नल्ड ना तपासणीच्या खिडकीकडे गेला ना डॉक्टरांच्या दारांकडे. सरावाच्या पावलांनी तो बाह्यरुग्ण विभागाच्या मोठ्या हॉलमध्ये शिरला, दाराजवळच्या नळावर हात धुतले आणि शेकोटी नसूनही ऊबदार असलेल्या त्या हॉलच्या कोपऱ्यातल्या एका खुर्चीवर जाऊन बसला. वर भिंतीला टीव्ही चालू होता. शेजारच्या टेबलावर बायकांची जुनी मासिकं पडली होती. बेरिललाही नळाचा तो वास आला. तोच साबण.

म्हणजे इथे. नर्स असणार. नाहीतर कारकून बाई, नाहीतर ती, चहाच्या टेबलामागे उभी असलेली, गुबगुबीत, गालांवर खळ्या असलेली. बेरिल खांबाच्या आड सरकली. तेवढ्यात त्या बाईने आर्नल्डला हात केला आणि त्याने टोपी उंचावली. झालं, सापडली, असं म्हणत बेरिल ताडताड टेबलापाशी गेली.

"चहा ना गं, राणी?" बाईने विचारायच्या आधीच कप भरला. छातीवरच्या बिल्ल्यावर जॉयस असं लिहिलं होतं. "बस इथे. पांढरीफटक पडलीस. तुझं कोणी आत आहे का?"

"तो माणूस," बेरिल म्हणाली. आवाज धारदार ठेवायचा होता, पण चिरका निघाला. "टोपीवाला. कोण तो तुमचा?"

"माझा? अगं, माझा असता तर काय हवं होतं!" जॉयस मोठ्याने हसली आणि मग आवाज खाली आणला. "आर्नल्ड. देवमाणूस आहे बिचारा. रोज येतो. बायको आत असते त्याची."

बेरिलने कप खाली ठेवला. "बायको?"

"उपचार चाललेत. खूप महिने झाले. हा इथे बसून वाट बघतो. जेवणाचा डबासुद्धा घेऊन येतो. मी म्हणते, कँटीनचं गरम खा, तर म्हणतो, बायकोने करून दिलाय. आता आत पडलेली बाई डबा कुठून करणार? पण कोणाला दुखवायचं कशाला? मी आपली हो म्हणते."

"नाव काय तिचं?"

"बायकोचं? बेरिल."

टीव्हीवर लोक टाळ्या वाजवत होते. बेरिलला वाटलं, चुकून ऐकलं. "काय म्हणालात?"

"बेरिल. का गं, ओळखतेस?"

"काय... काय झालंय तिला?"

"ते तो नीट सांगत नाही. एकदा मी विचारलं होतं." जॉयसने टेबल पुसता पुसता आर्नल्डकडे नजर टाकली. "म्हणाला, तिला दिवसा माणूस जवळ चालत नाही. त्रास होतो. चारनंतर बरी असते. मज्जातंतूंचं काहीतरी असावं, मी म्हटलं कशाला खोदा. तीन वाजले की उठतो, अंग झटकतो, पिशवी घेतो. भाजी नेतो रोज तिच्यासाठी. एकदा पावसात बस चुकली आणि भाजी राहिली तर केवढा घाबरला होता! म्हणे, रिकाम्या हाताने गेलो तर तिला कळेल की मला जायला कुठे जागा नाही."

 बेरिल इतके दिवस शोधत होती ती बाई सापडली होती. नवऱ्याला दिवसभर घराबाहेर बसवणारी, त्याच्या गुडघ्यांची दया न येणारी, जिच्यासाठी त्याने ताटव्यातली माती उकरली ती बाई. तिला एवढी लाज कधीच वाटली नव्हती. डबे उंचीप्रमाणे लावले होते, म्हणून! धड सहा डबे नसतील.

आणि उन्हाळ्यात एकदा तो दुपारीच परत आला होता, तेही तिला आता आठवलं. दारात उभा राहून म्हणाला होता, 'बेरिल, मी जरा आत...' आणि तिने ओल्या फरशीकडे बोट दाखवलं होतं. तो बरं म्हणून गेला होता. तेव्हाच सांगायला आला असेल. तिने पुढचं ऐकून घेतलं नव्हतं, त्यानेही पुन्हा काढलं नव्हतं, आणि संध्याकाळी दोघांनी मिळून ते सगळं खुडबुड या शब्दाखाली झाकून टाकलं होतं.

"पण आहे चांगली हं ती," जॉयस म्हणत होती. "तो तिच्याविषयी वाकडं कधी बोलत नाही. म्हणतो, बरी झाली की सोडतील. तू का रडतेस गं? बस, बस बघू खाली."

बेरिल बसली नाही. तिने डोक्याचा रुमाल सोडला, डोळे पुसले आणि घडी करून खिशात घातला. मग हॉल ओलांडून ती त्या कोपऱ्यातल्या खुर्चीपाशी गेली.

आर्नल्डने मासिकातून मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं आणि मग कान हळूहळू लाल लाल होत गेले. तो उठायची धडपड करू लागला, पण गुडघे उठू देईनात. पिशवी घसरली आणि मातीने माखलेले लीक हॉस्पिटलच्या स्वच्छ फरशीवर पसरले.

"बेरिल," तो म्हणाला. "मी... मी इथे सहजच..."

बेरिलला कळलं, आता तो तो शब्द उच्चारणार. तिने त्याला उच्चारू दिला नाही. खाली वाकून तिने लीक गोळा केले, माती झटकली नाही, पिशवीत भरले आणि पिशवी आपल्या हातात घेतली. मागे जॉयस टेबल सोडून अर्ध्या वाटेपर्यंत आली होती.

"अगं, तू कोण त्याची?" जॉयसने विचारलं.

आर्नल्डने मान खाली घातली. इतके महिने या हॉलमध्ये त्याला एक मान होता, तो आता जाणार, हे त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं.

"मी बेरिल," ती जॉयसला म्हणाली, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात. "त्याची बायको. माझं झालं आतलं. आज सोडलं मला."

"अगं बाई! खरंच?" जॉयसने दोन्ही हात तोंडावर नेले. "आर्नल्ड, ऐकलंस का? सोडलं तिला!"

आर्नल्ड बेरिलकडे बघतच राहिला. तिने त्याच्या काखेत हात घातला आणि जोर लावून त्याला खुर्चीतून उभं केलं. तो तिच्यावर अर्धा रेलला. दिवसाउजेडी तो इतका जवळ असायची तिला सवय नव्हती. तिने हात काढला नाही.

"बरी झालीस?" त्याने अगदी हळू विचारलं. जॉयससाठी नव्हे, खरंच विचारलं.

"पुरती नाही," बेरिल म्हणाली. "अजून वेळ लागेल. घरी माणूस लागणार आहे, दिवसभर."